मेणांतला तुकडा

आमच्या घराण्यांत दोन डॉक्टर व एक वकील होऊन गेल्यामुळें मुलांनीं काय व्हावें यासंबंधींच्या आमच्या कल्पना ठरलेल्या होत्या. म्हणून पुतणीनें वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्राची पदविका घ्यावयाचें ठरविलें, तेव्हां गौरीच्या जेवणाला भर पंक्तींत मी बोलून गेलों, "म्हणजे जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्याच चिकटवणार!" ती नुसती हसली, वहिनींचा चेहरा मात्र उतरला.

पुढें चार वर्षांनीं माझ्या पत्नीच्या स्तनांत गांठ आढळली. सुईनें काढलेला काडीएवढा तुकडा तपासणीस गेला, आणि पांच दिवस झाले तरी उत्तर येईना. मी चिडलों. तेव्हां पुतणीनें मला जवळ बसवून सांगितलें :

"काका, तुकडा आधीं फॉर्मॅलिनमध्यें मुरावा लागतो. मग अल्कोहोल व झायलीन यांच्या पायऱ्यांनीं त्यांतलें पाणी काढून तेथें मेण भरावयाचें. त्या मेणाच्या वडीचे मायक्रोटोमवर ३-४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे केसाच्या सुमारें विसाव्या हिश्श्याचे, काप काढावयाचे. कोमट पाण्यावर पसरून ते कांचेवर घ्यावयाचे. नंतर हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांत बुडवावयाचे. तेव्हां कोठें पेशींचीं केंद्रकें निळींजांभळीं व बाकीचा भाग गुलाबी दिसतो. रक्त पुन्हां घेतां येतें. हा तुकडा वाया गेला, तर काकूंना पुन्हां सुई टोंचावी लागेल. आणि दुसऱ्याच्या तुकड्याशीं त्याची अदलाबदल झाली तर? म्हणून प्रत्येक पायरीला नांव व क्रमांक ताडून पाहावयाचा. तुमच्या त्या चिठ्ठ्या याच."

मला उत्तर सुचलें नाहीं. १९४१ सालीं मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, तेव्हां तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली, हें मी मोठ्या अभिमानानें सांगत असें. परंतु त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालचे काप कोणीं कापले असतील, हा प्रश्न मला कधींच पडला नव्हता.

सहाव्या दिवशीं उत्तर आलें : कर्करोग. त्याच वडीचे आणखी काप काढून, कोणतें औषध लागू पडेल हेंही पाहण्यांत आलें. उपचार झाले, पत्नी आतां हिंडतेफिरते.

२०२१ सालच्या केंद्रीय कायद्यानें या व्यवसायाची रीतसर दखल घेतली. ती घ्यावयाची राहिली होती आमच्या घरानेंच. पुढल्या गौरींना मीं वहिनींसमक्ष पुतणीची क्षमा मागितली. जें भर पंक्तींत बोललों, तें परत घ्यावयाचें तेंही पंक्तींतच, असें मला वाटलें. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं मुलगा वा मुलगी हें शिक्षण घेऊं म्हणत असेल, तर त्यांनीं बोलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढीच विनंती.