ओल आणि शेरा

व्यावहारिक मराठीच्या तासाला तक्रार-अर्ज शिकवताना मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की तारीख, ठिकाण, घडलेली गोष्ट आणि अपेक्षित कार्यवाही एवढेच लिहावे. विशेषणे शक्यतो टाळावीत. तक्रारीला उत्तर कसे द्यावे, हे मात्र आमच्या अभ्यासक्रमात कधी नव्हते आणि त्याची उणीवही मला भासली नव्हती. ती भासली इंग्लंडमधल्या एका दोन वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची हकिगत वाचताना.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरात, सामाजिक भाड्याच्या एका छोट्या सदनिकेत अवाब इशाक आपल्या आईवडिलांसह राहत असे. कुटुंब मूळचे सुदानचे. घराच्या भिंतींवर बुरशी धरली होती. वडिलांनी 2017 साली तक्रार केली, तेव्हा वरून रंग लावून घ्या असे त्यांना सांगण्यात आले. पुढच्या तक्रारींनीही फारसे काही साधले नाही. डिसेंबर 2020 मध्ये अवाब गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने जडलेला श्वसनविकार हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष कॉरोनरने नोव्हेंबर 2022 मध्ये नोंदवला. या कुटुंबाच्या 'जीवनशैली'विषयी कर्मचाऱ्यांनी परस्पर काही समजुती करून घेतल्या होत्या, हेही त्या निमित्ताने पुढे आले. त्यांतली एक समजूत अशी, की ही माणसे बादलीने अंघोळ करतात. आपण चुकलो, हे घरमालक संस्थेने नंतर मान्य केले.

बादलीने अंघोळ! या शब्दांपाशी मी थबकले. बादली-तांब्या हा कुणाच्या तरी भिंतीच्या ओलीचा खुलासा होऊ शकतो, हे वाचून प्रथम राग आला. तो ओसरल्यावर मात्र मला माझाच एक जुना शेरा आठवला.

पंधरा वर्षांपूर्वी मी मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर होते. गाव घाटमाथ्यालगतचे, पाऊस एकदा लागला की चार महिने उघडीप नाही. तळमजल्यावरच्या एका खोलीतील तिघींनी अर्ज दिला, की भिंतीला ओल आहे, गाद्यांना बुरशी लागली आहे आणि एकीला रात्रभर खोकला येतो. अर्ज नेमका होता, विशेषण एकही नव्हते. मी त्यावर शेरा मारला : 'विद्यार्थिनींनी ओले कपडे खोलीत वाळत घालू नयेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.' मराठी शुद्धच होते. कपडे मग वाळवायचे कुठे आणि उघड्या खिडकीतून आत येणाऱ्या पावसाचे काय करायचे, हे प्रश्न मला पडले नाहीत. मी त्या खोलीत पाऊलही टाकले नाही.

खोकणाऱ्या मुलीने दिवाळीनंतर वसतिगृह सोडले. ती एस.टी.ने ये-जा करू लागली. जायला दीड तास, यायला दीड तास. दुसऱ्या सत्रात तिचे येणे थांबले. पुढच्या उन्हाळ्यात पोपडे खरवडताना गवंड्याला दिसले, की गच्चीवरून पाणी खाली आणणारा पाइप भिंतीच्या आतच फुटलेला आहे. पाइप बदलला. माझा शेरा फाइलीत तसाच राहिला.

इंग्लंडमध्ये नगरपालिकांनी घरे बांधून ती भाड्याने द्यायची, या व्यवस्थेला 1919 च्या कायद्याने मोठे बळ मिळाले. शंभर वर्षांनंतर प्रश्न होता तो या घरांत राहणाऱ्यांचे ऐकायचे कुणी, हा. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 72 माणसे गेली; तिथल्या रहिवाशांनी धोक्याचे इशारे आधीच दिले होते. ओल आणि बुरशीचे खापर भाडेकरूच्या जीवनशैलीवर फोडू नका, असे गृहनिर्माणाच्या लोकपालाने ऑक्टोबर 2021 च्या अहवालात बजावले. अहवालाच्या शीर्षकातच तो शब्द नाकारला होता. मग 2023 चा कायदा आला. एप्रिल 2024 पासून नियामक स्वतःहून तपासणी करू लागला आणि नगरपालिकांना सी-1 ते सी-4 अशा श्रेणी मिळू लागल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्व लंडनच्या न्यूहॅमला सी-4 ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली. आगसुरक्षेची कामे खोळंबली होती आणि असंख्य घरांतल्या विजेची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नव्हती.

परीक्षक आला की दप्तर नीटनेटके होते, हे आपण शिक्षक चांगलेच जाणतो. श्रेणीने छप्पर शाकारले जात नाही. शिवाय 2016 पासून चार वर्षे सामाजिक घरांची भाडी दरवर्षी एक टक्क्याने कमी करणे सरकारनेच बंधनकारक केले होते. दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, हा नगरपालिकांचा प्रश्नही खोटा नाही. तरीही 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालेल्या, अवाबच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत मला एक वेगळी गोष्ट दिसते. तातडीचा धोका असेल तर 24 तासांत तो दूर करायचा. ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर 10 कामकाजाच्या दिवसांत तपासणी करायची, ती संपल्यापासून 3 दिवसांत काय आढळले ते भाडेकरूला लेखी कळवायचे आणि 5 दिवसांत घर सुरक्षित करायचे. ते जमत नसेल तर पर्यायी निवाऱ्याची सोय करायची.

भाषेच्या शिक्षिकेला यात व्याकरण दिसते. 'भिंतीला ओल येते' या वाक्यात ओल जणू आपल्या पायांनी चालत येते. 'दुरुस्ती करण्यात येईल' यात करणारा गायब आणि तारीखही गायब. वाक्यात कर्ता सापडतो तो बहुधा 'विद्यार्थिनींनी ओले कपडे...' असा, म्हणजे तक्रार करणारीच. हे नियम घरमालकाला कर्त्याच्या जागी आणतात, त्याच्या क्रियापदाला तारीख जोडतात आणि शेरा मारण्याआधी त्याला भिंतीपर्यंत चालत जायला लावतात. माझ्यावर असे कसलेच बंधन नव्हते. अर्थात बंधन नव्हते म्हणून मी गेले नाही, असे म्हणणे ही पुन्हा कर्ता लपवण्याचीच युक्ती झाली.

आता तक्रार-अर्जाचा पाठ मी दोन तासांत घेते. पहिल्या तासाला विद्यार्थी अर्ज लिहितात, दुसऱ्या तासाला अर्जांची अदलाबदल करून उत्तरे लिहितात. उत्तरात कर्ता हवा, तारीख हवी आणि काय पाहिले ते हवे. यंदा एका मुलाने विचारले, "मॅडम, पण चूक खरोखर राहणाऱ्याचीच असेल तर?"

"असेलही," मी म्हटले, "पण ती भिंत पाहून आल्यावर लिही."