हा ‘इट’ कोण?

मराठीच्या प्राध्यापकानं इंग्रजी शिकवायचं म्हणजे सोनारानं नांगराचा फाळ ठोकायला बसण्यासारखं आहे. हातोडी दोघांकडेही असते, एवढंच काय ते साम्य! पण योग येतात. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे सहकारी चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मंडळींसाठी निगडीला दर रविवारी सकाळी संभाषणाचा वर्ग घेतात. २०२५ च्या पावसाळ्यात ते मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी गेले, आणि जाताना वर्गाची किल्ली व एक गुळगुळीत, जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवून गेले. मी कुरकुरलो, तर म्हणाले, “तुमचं व्याकरण पक्कं आहे ना? मग झालं तर!” घरी ही वार्ता सांगितली तेव्हा सौ. म्हणाली, “शिकवा बापडे. फक्त घरात इंग्रजीतून भांडायला लागू नका म्हणजे मिळवली.”

वर्गात वीसएक जण. कुणी सांगलीकडचा फिटर, कुणी औसा तालुक्यातली, मोटारीच्या तारांचे जुडगे बांधणारी मुलगी, कुणी आंबेगावच्या डोंगराकडचा पोऱ्या, आणि माढा तालुक्यातल्या सीनाकाठचा एक पोक्त रखवालदार. या रखवालदाराला ‘माय फॅमिली’ हा धडा फार आवडे, कारण कुटुंबात तो आपल्या दोन म्हशीही धरी. यांना इंग्रजी हवं ते शेक्सपिअर वाचण्यासाठी नव्हे. कारखान्यात हात चालतात मराठीत आणि हिंदीत. पण भिंतीवरच्या पाट्या, यंत्राची पुस्तिका, परदेशी पाहुणा आणि बढतीची मुलाखत, हे सारं इंग्रजीत. भोंगा वाजल्यावर कुठल्या ‘असेंब्ली पॉइंट’वर जमायचं आणि तिथं कुणाला काय सांगायचं, याची रंगीत तालीमदेखील इंग्रजीतच होते. खऱ्या आगीत माणूस कुठल्या भाषेत ओरडेल, हा प्रश्न त्या तालमीत कुणी विचारत नाही.

पुस्तकातला सातवा धडा भीषण हवामान आणि नैसर्गिक आपत्ती यांचा होता. चित्रं मोठी देखणी. एका चित्रात चक्रीवादळ आख्खी मोटार उचलून नेतंय, दुसऱ्यात छपरापर्यंत बर्फ साचलंय आणि लाल टोपीतला एक गृहस्थ फावड्यानं वाट काढतोय. प्रश्न होता, ‘तुम्ही असं हिमवादळ कधी अनुभवलं आहे काय?’ वर्ग चिडीचूप. मग रखवालदारानं अदबीनं विचारलं, “सर, गारा चालतील का?”

चालतील म्हणालो. न चालून सांगतो कुणाला?

खरी अडचण पुढेच होती. ‘इट इज रेनिंग’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. फिटरनं हात वर केला. “सर, हा ‘इट’ कोण?” मी म्हणालो, “कुणी नाही. ती नुसती पद्धत आहे.” त्याचं समाधान झालं नाही. त्याच्या मते, काम झालंय तर ते करणारा कुणीतरी असलाच पाहिजे; शॉप फ्लोअरवर तो याच हिशेबानं जगतो. आणि विचार करता मलाही वाटलं, की आपल्याकडे पावसाच्या वाक्यात असा रिकामा कर्ता बसवावा लागत नाही. आपल्याकडे पाऊस स्वतःच पडतो, लागतो, कोसळतो, दडी मारतो, आणि कधी कधी नुसता चेहरा दाखवून निघून जातो. वारा सुटतो, वीज पडते, पूर येतो आणि ओसरतो. पाहुण्यानं यावं तसा पूर आपल्याकडे ‘येतो’. इंग्रजीत तो बहुधा ‘असतो’. कृष्णेचं पाणी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ज्याच्या घरात शिरलं, त्याला ‘देअर वॉज अ फ्लड’ हे वाक्य पंचनाम्यासारखं कोरडं वाटलं तर नवल नाही. त्यानं स्वतःचं केलं, ‘रिव्हर केम इन अवर हाउस.’ मी फळ्यावर तसंच लिहिलं. नदी आली होती खरी. त्यात चूक काय?

पण एकट्या इंग्रजीलाच नावं ठेवून चालणार नाही. आमच्या वर्तमानपत्री मराठीनंही पावसाळ्यात काय कमी गमती केल्यात! पवना भरलं की ‘धरणातून विसर्ग वाढवला’ अशी बातमी येते. पंचवीस वर्षं मी विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं असं शिकवत आलो. आता चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरात पाणी शिरलं, की ती दोन टिंबं केवढी थोर आहेत हे कळतं. हा विसर्ग मोजायचा क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. हे गणित मात्र वर्गाला माझ्याआधी आलं. मापाशी त्यांचा रोजचा संबंध. आमच्या पुण्यात अजून शिवाजीनगरच्या वेधशाळेला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण १९२८ मध्ये ते कार्यालय सिमल्याहून इथं आलं. हवामानाचं दफ्तर पुढं १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण बसथांब्यावरचं नाव हललं नाही.

आणि शब्दांचे प्रवास तर विचारूच नका. इंग्रजांचा ‘मान्सून’ आणि आपला ‘मोसम’ हे एकाच अरबी घरचे. ‘सायक्लोन’ हा शब्द तर चक्क कलकत्त्यात जन्मला. तिथल्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४८ मध्ये तो रूढ केला; ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून. हे सांगितल्यावर वर्गाला उगीचच बरं वाटलं, जणू तो शब्द आता आपल्या हक्काचा झाला. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकणातून चढून इकडे आलं, मावळ-खेडच्या बाजूला पत्रे उडाले, फुलांची पॉलिहाउसं आडवी झाली. त्याचं नाव बांगलादेशानं सुचवलेलं. एवढं गोड नाव वादळाला का दिलं असेल, यावर अर्धा तास चर्चा झाली. आणि गंमत अशी, की ती बरीचशी इंग्रजीत झाली.

आपण मात्र संकटाला निराळं नाव ठेवत नाही. ज्या गावी ते घडलं त्या गावाचं नावच संकटाला देऊन टाकतो. माझ्या लहानपणी आजी ‘पानशेतच्या आधी’, ‘पानशेतनंतर’ असा काळ मोजायची. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं ते तिच्या लेखी धरण नव्हतंच, ते एक वर्ष होतं. तसंच कोयनेचं, १९६७ चं. तसंच किल्लारीचं. तसंच माळीणचं. त्या गावांत आजही माणसं राहतात, लग्नं होतात, पोरं शाळेत जातात. पण गावाचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याचा चेहरा आधीच पडतो. यात सहानुभूती असते, तसा थोडा अन्यायही असतो, असं मला वाटतं.

‘हॅव’ आणि ‘हॅड’चा सराव चालला होता. प्रत्येकानं भावंडांविषयी एक वाक्य सांगायचं. औशाकडची ती मुलगी उभी राहिली आणि थांबली. मग मराठीत म्हणाली, “सर, माझी एक मोठी बहीण आहे. होती. पण मी जन्मले तेव्हा ती नव्हती. मग हॅव म्हणू का हॅड?”

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जडशीळ माळवद; उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्यांत आजोळी गेलेली तिची चार वर्षांची बहीण होती. पुढं काही वर्षांनी ही झाली, आणि घरच्यांनी हिला त्याच बहिणीचं नाव दिलं. आई अजूनही ‘भूकंप’ म्हणत नाही. ‘त्या राती’ म्हणते.

मी तिला सांगितलं, की इंग्रजीच्या नियमानं ‘हॅड’. तिनं वहीत लिहिलं, ‘आय हॅड अ सिस्टर.’ मग बराच वेळ त्याकडे पाहून तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘आय हॅव हर नेम.’ आणि वही माझ्यापुढं करून विचारलं, “हे ‘हॅव’ बरोबर आहे ना?”

बरोबर होतं.

त्यानंतर आंबेगावचा तो पोऱ्या, जो एरवी तोंड उघडत नसे, बोलू लागला. माळीणवर ३० जुलै २०१४ ला डोंगर घसरला आणि दीडशेच्या वर माणसं गाडली गेली, तेव्हा तो शाळेत होता. गाव त्याच्या गावापासून फार लांब नव्हे. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एस. टी.च्या चालकानं, रोजचं गाव जागेवर दिसेना म्हणून. “सर, असा फोन इंग्रजीत कसा करायचा?” त्यानं विचारलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या दिवशी फोनचाच सराव केला. कुठून बोलतोय, काय झालं, किती माणसं, रस्ता कुठवर चालू आहे. काळ, वचन, प्रत्यय काही नाही. चारच वाक्यं, पण न अडखळता. पुस्तकातल्या सातव्या धड्यात हे नव्हतं. तिथं फावडंवाल्या गृहस्थाशी हवापाण्याच्या गप्पा होत्या.

एका शब्दानं मात्र आम्हांला हरवलं. ओला दुष्काळ! मी ‘वेट ड्रॉट’ लिहिलं आणि स्वतःच हसलो. ओली कोरड म्हणण्यासारखं ते झालं. रखवालदार हसला नाही. सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पावसानं कहर केला होता, उभी पिकं सडत होती, आणि ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगाव चालली होती. सरकारी नियमावलीत तसा शब्दच नाही, असं उत्तर मिळालं; दुष्काळातल्या सवलती तेवढ्या देऊ म्हणाले. तेव्हा शब्द नसणं ही अडचण फक्त इंग्रजीचीच आहे असं नव्हे. रखवालदार म्हणाला, “सर, आमच्याकडं शब्द हाय. कागदावर नाय.” आणि दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून गावी गेला, कारण सीनेला पाणी चढत होतं.

पुढच्या रविवारी वर्गाच्या आधी माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. मी तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवला:

‘सर, वॉटर केम इन नाइट. सोयाबीन ऑल गॉन. वॉल गॉन. मदर सेफ. बफेलो सेफ. बुक इज वेट.’

दुरुस्तीसाठी मी खडू पुढं केला. एरवी खडूसाठी झटापट होते. त्या दिवशी कुणी उठेना. शेवटी औशाकडच्या मुलीनं बसल्या जागेवरून हळूच म्हटलं, “सर, ‘बफेलो’पुढं एस नाही. त्यांच्या तर दोन म्हशी आहेत.”