मालकाचा पैसा, गावाचा क्लब

फुटबॉल क्लबांवर सरकारी नियामक नको, असं मी वर्षानुवर्षं तावातावाने मांडत आलो. लायसन्स-परमिटचा जमाना पाहिलेल्या माणसाला नियामक म्हटलं की फायली आणि खेटेच आठवतात. ज्याचा पैसा त्याचा निर्णय. एक बुडाला तर दुसरा येईल, हा माझा हिशेब.

तो पहिल्यांदा डळमळला बरी या इंग्लिश क्लबमुळे. १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या १ पौंडाला विकला गेला. या नावाचा संघ आहे हेच ठाऊक नव्हतं, असं नव्या मालकाने पुढे स्वतःच सांगितलं. क्लब चालवायला पैसा कुठून आणणार, याचा पुरावा मिळण्याआधीच व्यवहार उरकला होता. पगार थकले, आणि तशातही संघाने त्या मोसमात वरच्या श्रेणीत बढती मिळवली! २७ ऑगस्ट २०१९ रोजी चाहते गिग लेन या क्लबच्या मैदानावर साफसफाईला जमले, कारण शनिवारी सामना होईल अशी आशा होती. त्याच रात्री लीगने क्लबला बाहेर काढलं. ‘दुसरा येईल’ हे त्या लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार? बरीचा चाहता उद्यापासून शेजारच्या बोल्टनचा होत नाही.

तरी हा प्रश्न पैसा नसलेल्या मालकांचाच, असं मी धरून होतो. ब्लॅकबर्नने तेही खोडून काढलं. १९९५ चा हा प्रीमियर लीग विजेता पुण्याच्या वेंकीज समूहाने २०१० मध्ये घेतला. त्यांनी वर्षानुवर्षं पदरचा पैसा ओतला, हे मान्यच केलं पाहिजे. पण या समूहाच्या भारतातल्या चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा लँकेशायरमधल्या एका गावाचा क्लब इथल्या तारखांकडे डोळे लावून बसला.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनने फुटबॉल नियामकाचा कायदा केला. इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना परवाना, मालकाच्या पैशाची छाननी, मैदान विकण्याआधी मंजुरी. मी आता या कायद्याच्या बाजूने आहे. कागदपत्रांची माझी जुनी धास्ती मात्र गेलेली नाही. मोजक्या पगारी माणसांवर चालणाऱ्या क्लबाला मँचेस्टर सिटीइतके फॉर्म भरायला लावू नयेत. पण विकत घेण्याआधी पैसा दाखवा, ही अट कुणासाठीही सैल करू नये.