लांब भिंग आणि कांपरा हात

दूरची वस्तु जवळ आणून पाहण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. आणि ती हौस थोडक्या पैशांत भागावी ही इच्छा मध्यमवर्गीय कुटुंबास तितकीच जुनी असावी. हल्लीं घरोघर मोबाइल फोन झाल्यामुळें साधीं छायाचित्रें काढण्याकरितां निराळा कॅमेरा कोणी सहसा विकत घेत नाहीं. परंतु झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी, किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनांत तिसऱ्या रांगेंत उभी असलेली आपली नात टिपावयाची झाली म्हणजे बहुतेक मोबाइलांची मजल संपते आणि टेलिफोटो झूम भिंगाचा विषय घरांत निघतो. आमच्या घरीं पुण्यास तो दिवाळीच्या फराळाबरोबर निघाला, आणि फराळाचे डबे रिकामे होऊन संक्रांतीचे तिळगूळ वळण्याची वेळ आली तरी संपला नव्हता. या चर्चेंतून आमचें एक मत पक्कें झालें, तें असें कीं, पदरीं पैसा बेताचा असेल तर तो भिंगाच्या लांबीवर न खर्चितां त्याच्या स्थिरतेवर खर्चावा. हें मत केवळ हिशेबानें झालें नाहीं, म्हणून त्याची हकीकत सांगणें अवश्य आहे.

आमच्या एकत्र कुटुंबांत लहानथोर मिळून बारा माणसें आहेत, आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक माणसांचीं बाळपणीचीं छायाचित्रें आमच्या थोरल्या काकांनीं, म्हणजे अण्णांनीं, काढलेलीं आहेत. अण्णांचें वय आज ७८. तरुणपणीं त्यांच्यापाशीं आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्यांत एका फिल्मवर बाराच चित्रें निघत, आणि शटरची गती ही एकच. ती कमीअधिक करण्याची सोय नव्हती. तेव्हां चित्र स्पष्ट येणें वा न येणें हें सर्वस्वीं काढणाराच्या श्वासावर आणि हातावर अवलंबून असे. अण्णांचा हात असा होता कीं, लग्नाच्या मांडवांत धक्काबुक्की चालू असतां त्यांनीं काढलेल्या चित्रांतील मुंडावळ्यांचे मोतीं मोजून घ्यावेत. पुढें घरांत कॅननचा डिजिटल कॅमेरा आला; तोही अण्णांचाच झाला. सकाळीं गच्चीवर बसून समोरच्या बुचाच्या झाडावरील तांबट आणि दयाळ टिपणें हा त्यांचा नेम होता.

दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या हातास कंप सुरू झाला. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, हा कंपवात नव्हे. वयपरत्वें कित्येकांस होणारा हा साधा कंप आहे, जिवास त्यापासून भय नाहीं. अण्णांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि कॅमेरा कपाटांत ठेवून दिला. कोणी विचारलें असतां ते म्हणत, "आतां तुम्ही मुलांनीं काढावेत फोटो." आम्हां सर्वांस वाटलें, हौस फिटली असेल. परंतु काकू एके दिवशीं सहज बोलून गेल्या, "कॅमेरा कपाटांत गेल्यापासून हे गच्चीवरच जात नाहींत." त्या एका वाक्यानें घरांतील तरुण मंडळींचे कान टवकारले. अण्णांच्या वाढदिवसास भिंग घ्यावयाचें ठरलें आणि घरच्या सामाइक खर्चांतून त्यासाठीं वीस हजार रुपये मंजूर झाले. त्याच वर्षीं गच्चीवरची पाण्याची टाकी बदलावयाची होती, हें ध्यानीं घेतां मंजुरी उदारच म्हटली पाहिजे.

धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांस १५० ते ६०० मिलिमीटरचें भिंग हवें होतें. या जातीचें भिंग सुमारें दोन किलो वजनाचें असतें, आणि किंमत आमच्या मंजुरीच्या कित्येक पट. कांपऱ्या हातावर दोन किलोंचें ओझें देणें हा उपचार नव्हे, इतकें सांगून तो प्रश्न एका बैठकींत मिटला. खरा वाद राहिला तो दोन लहान भिंगांचा. एक कॅननचें ७५ ते ३०० मिलिमीटरचें, स्थिरीकरणाची सोय नसलेलें व स्वस्त. दुसरें ५५ ते २५० मिलिमीटरचें, स्थिरीकरण असलेलें, किंचित् महाग. आंकड्यांवर जाणारा कोणीही पहिल्याकडेच वळेल. अधिक लांब आणि तरीही स्वस्त, मग विचार कसला?

विचार असा आहे. या मिलिमीटरांस नाभीय अंतर म्हणतात. तें जसजसें वाढतें तसतसा भिंगाच्या दृष्टीचा कोन अरुंद होतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मएवढ्या पटलावर ५० मिलिमीटरचें भिंग कर्णाच्या दिशेनें सुमारें ४७ अंशांचा देखावा घेतें, तर ३०० मिलिमीटरचें अवघा आठ अंशांचा तुकडा घेऊन तो सर्व चित्रभर पसरतें. जें पक्ष्यास मोठें करतें, तेंच हाताच्या थरथरीसही तितकेंच मोठें करतें. लांब काठीच्या टोंकास पणती बांधून चालूं पाहा, मुठींतील तिळाएवढा हेलकावा टोंकाशीं हातभर होतो. यावर छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा कीं, शटर जितकें मिलिमीटर तितक्याव्या भागाहून अधिक वेळ उघडें ठेवूं नये. आमच्या कॅमेऱ्याचें पटल लहान असल्यानें त्या आंकड्यास १.६ नें गुणावें लागतें. म्हणजे २५० मिलिमीटरला १/४०० सेकंद आणि ३०० मिलिमीटरला जवळजवळ १/५०० सेकंद. हा ठोकताळा धडधाकट हाताचा आहे. शिवाय स्वस्त भिंगांचें छिद्र लांब टोंकास एफ ५.६ पेक्षां मोठें होत नाहीं, त्यामुळें सकाळच्या कोंवळ्या उन्हांत एवढ्या थोड्या वेळांत पुरेसा प्रकाश आंत येतच नाहीं. एफ २.८ चें भिंग घ्यावें तर चौपट प्रकाश मिळेल; पण त्यासाठीं कांचेचा व्यास दुप्पट लागतो, आणि किंमत दुपटीवर थांबत नाहीं.

स्थिरीकरण येथें उपयोगी पडतें. भिंगाच्या पोटांत हालचाल ओळखणारे दोन सूक्ष्म संवेदक बसविलेले असतात. एक वरखालच्या डुलण्याची व दुसरा डाव्याउजव्या डुलण्याची नोंद घेतो. त्या नोंदीवरून आंतील कांचेचा एक गट विद्युच्चुंबकाच्या साह्यानें नेमका उलट दिशेस सरकविला जातो, आणि चित्र जागच्या जागीं राहतें. बदलतां येणाऱ्या भिंगांत ही सोय प्रथम १९९५ सालीं कॅननच्या ७५ ते ३०० मिलिमीटरच्या एका भिंगांत आली. ज्या स्वस्त भिंगाविषयीं आम्ही बोलत आहों त्याचे आंकडे तेच असले, तरी तें हें नव्हे. नांवांत "आयएस" हीं दोन अक्षरें नसलीं कीं सोयही नाहीं. ५५ ते २५० मिलिमीटरचें साधें भिंग २००७ सालीं ही सोय घेऊन निघालें आणि त्याची सुधारलेली आवृत्ति २०१३ सालीं आली. कारखानदार त्या आवृत्तीस साडेतीन पायऱ्यांची सूट सांगतो. प्रत्येक पायरीस वेळ दुप्पट होतो, म्हणून हिशेबानें १/४०० ऐवजीं १/३५ सेकंद चालावें. कारखानदाराचा हिशेब हा वधूपित्यानें सांगितलेल्या कन्येच्या गुणांसारखा असतो. खोटा नसतो, पण थोडी वजावट करून घ्यावा. आम्ही १/६० धरतों.

तरीही प्रश्न उरला कीं, ही सोय केली आहे ती सामान्य मनुष्याच्या सूक्ष्म थरथरीसाठीं. अण्णांच्या कंपापुढें ती टिकेल काय? कांच आंतल्या आंत सरकून सरकणार किती! कंप मोठा असेल तर ती आपल्या हद्दीच्या कडेस जाऊन थांबते. याचें उत्तर पुस्तकांत नव्हतें, म्हणून अण्णांनाच घेऊन दुकानांत गेलों. दुकानदार सज्जन होता. त्यानें दोन्ही भिंगें आळीपाळीनें कॅमेऱ्यास लावून दिलीं. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीवर नेम धरून, १/१०० सेकंदावर, अण्णांनीं प्रत्येकाचीं दहा-दहा चित्रें काढलीं. लांब भिंगाच्या दहांत एकही पाटी वाचतां येईना. दुसऱ्याच्या दहांपैकीं पांच वाचतां आल्या, आणि दोन तर इतक्या स्वच्छ कीं, पाटी रंगविणाराची सही दिसली. अण्णा पडद्यावर तें चित्र मोठें करून बराच वेळ पाहत होते. नंतर म्हणाले, "हें द्या." इतकेंच.

पन्नास मिलिमीटर आम्हीं सोडले, त्यांची किंमत काय? ३०० भागिले २५० म्हणजे १.२. पक्षी पांचवा हिस्सा मोठा दिसला असता, आणि धूसर दिसला असता. खेरीज घेतलेलें भिंग ३७५ ग्रॅमांचें, नाकारलेलें ४८० ग्रॅमांचें. ७८ वर्षांच्या मनगटास हा फरक कळतो.

या सोयीच्या मर्यादा मात्र वाचकांस सांगितल्याच पाहिजेत. ती हात धरते, पक्ष्यास धरीत नाहीं. संक्रांतीनंतर आम्ही मंडळी भिगवणला गेलों. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि कोळी बांधव होडींतून ते दाखवितात. पाण्यांत पाय रोंवून चरणारे रोहित १/१२५ सेकंदावर नीट आले. पण थवा उडाला तेव्हां पंखांची फडफड थांबवावयास १/१००० सेकंद लागला, आणि तेथें स्थिरीकरण असून नसून सारखेंच. होडीचा डोल संथ पण मोठा असतो, तोही त्याच्यानें पुरता आवरत नाहीं. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरूं लागली कीं, कितीही महाग भिंग असो, दूरचा पक्षी विरघळल्यासारखाच येतो; तेव्हां पहांटे निघावें आणि होडीवाल्यास थव्याच्या अंगावर जाण्याचा आग्रह करूं नये. नाटकगृहांत किंवा संमेलनांतही हाच न्याय. नाचणारी नात १/५० सेकंदांत स्थिर राहणार नाहीं. तेथें आयएसओचा आंकडा वाढवून थोडी रवाळ चित्रें पत्करावीं.

अण्णांनीं तेथें एक युक्ति काढली, ती कांपऱ्या हातांच्या इतर मंडळींस उपयोगी पडेल. बटण अर्धें दाबून क्षणभर थांबावें, म्हणजे भिंगांतील कांच स्थिरावते. मग पूर्ण दाबून ओळीनें तीन-चार चित्रें घ्यावीं. पहिलें बहुधा बटण दाबण्याच्या झटक्यानें बिघडतें, मधलें साधतें. कोपरें बरगडीशीं, डावा तळहात भिंगाखालीं. एका पायाचा टेकू मिळतो, तोही त्यांना आम्हीं सुचविला. पण काठी अजून लागत नाहीं असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि आम्हीं तो विषय तेथेंच सोडला.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असणारांनीं अक्षरें ओळखावीं: निकॉनचें व्हीआर, सोनीचें ओएसएस, टॅमरॉनचें व्हीसी, सिग्माचें ओएस. निकॉननें ७० ते ३०० मिलिमीटरचें एकच नमुन्याचें हलकें भिंग व्हीआरसह व त्याविना, असें दोन प्रकारें काढलें आहे; दोन्ही दिसावयास सारखीं, म्हणून विकत घेतांना नांव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावें. कांहीं कॅमेऱ्यांच्या देहांतच पटल हालवून स्थिरीकरण केलेलें असतें. तेथें भिंगांत पुन्हां तीच सोय नसली तरी चालतें, मात्र फार लांब भिंगांत भिंगाची सोय अधिक कामास येते. जुनें भिंग घेतलें तर मोबाइलची बत्ती आंत धरून कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू नाहींत ना, हें पाहावें. मग बटण अर्धें दाबून, दृश्य क्षणांत तरंगत स्थिर होतें कीं नाहीं, तें पारखावें.

बुरशीचें भय घरींही असतेंच. पावसाळ्यासाठीं काकूंनीं घट्ट झांकणाचा एक मोठा डबा भिंगास दिला आहे. त्यांत सिलिका जेलचे दाणे आणि आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र ठेवतों; कांटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झालें. निळे दाणे गुलाबी पडले कीं मंद आंचेवर परतून पुन्हां निळे करावे लागतात. निळ्या रंगांतील द्रव्य पोटांत जाणें बरें नव्हे, म्हणून त्या कामास काकूंनीं मोडक्या दांडीचा एक जुना तवा वेगळा काढून त्यावर खडूनें "अण्णांचा" असें लिहून ठेवलें आहे.