मोडलेलं हाड जुळलं नाही तर?



हाडांचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "मॅडम, मोडलेलं हाड परत जुळतं का?" जुळतं, आणि लहान मुलांचं तर लवकर जुळतं. कोपर ते मनगट या भागात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं असतात. ती मोडली तर बहुतेक मुलांना सहा ते आठ आठवडे प्लास्टर पुरतं. पण क्वचित एखाद्याचं हाड जुळतच नाही.

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत ऊसतोडीच्या हंगामात असा एक मुलगा आला. कवायतीत हात पुढे केला की कोपर आणि मनगटाच्या मधोमध वाकायचा. आदल्या हंगामात बैलगाडीवरून पडला होता. प्लास्टर तीन आठवड्यांतच घरी कापलं, वर हात चोळून घेतला. दुखत नव्हता, म्हणून बरा झाला असं घरच्यांना वाटलं.

वडील म्हणाले, "मुकादमाची उचल फेडायचीय, खाडा कसा करू? आणि ऑपरेशननं हाताची वाढ खुंटली तर?"

बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना एक्स-रे दाखवून समजावलं. हाडाची वाढ टोकांजवळच्या पट्ट्यांतून होते. इथं मोड मधे आहे, पट्टी मधेच बसणार. मोड हलत राहिल्यानं दोन टोकांमध्ये हाडाऐवजी चिवट तंतू भरलेत. ते काढायचे, टोकं रक्त दिसेपर्यंत साफ करायची, कमरेच्या हाडाचा थोडा चुरा तिथं भरायचा आणि पट्टी-स्क्रूनं घट्ट धरायचं. आत पू नाही ना, हे मात्र आधी तपासायचं.

वडील दोन दिवसांनी तयार झाले. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी हाड जुळलं. तळहात पूर्ण उताणा होत नाही, पण पाण्याची बादली उचलतो.

आपण एवढं करू या:
• प्लास्टर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढू देऊ नका, हात चोळू देऊ नका.
• प्लास्टरमध्ये बोटं सुजली, निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढत गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना.
• प्लास्टर निघाल्यावरही हात वाकडा दिसला किंवा मधेच हलला, तर न दुखताही एक्स-रे काढा.
• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की असं मूल आवर्जून दाखवा.
• खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

स्थलांतरित मूल आपल्याकडे चार-पाच महिनेच असतं. म्हणून दिसलं की लगेच पालकांना बोलवा.