दाब आणि दम

गेली पस्तीस वर्षे रविवारची सकाळ मी सायकलींच्या चाकांत हवा भरण्यात घालवीत आलो आहे. प्रथम माझ्या मुलीची एकच सायकल होती. पुढे शेजारपाजारची मुले येऊ लागली. आता त्या मुलांची मुले येतात. पायांखाली दाबून धरायचा तो उभा पंप, त्याची गुळगुळीत झालेली लाकडी मूठ, भोवती पोरांचा घोळका, आणि शेवटी अंगठ्याने चाक दाबून ‘हं, झाले!’ असा निकाल देण्याचा माझा मान! पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात याहून मोठा मान मी कधी इच्छिला नाही.

यंदा एका रविवारी मात्र दुसऱ्याच चाकाला मला दम लागला. तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. जिना थांबत थांबत चढावा आणि पंप मुळीच मारू नये, असे डॉक्टरांनी बजावले. मुलगी लगेच म्हणाली, “बाबा, आता घरी एक लहानसा कॉम्प्रेसर घेऊन टाका.” सूचना किती साधी! पण कोणीतरी माझ्या हातात काठी द्यावी तसे मला वाटले. घ्यायचाच तर असा भक्कम घेईन, की पाहणाराने म्हणावे, यंत्र घेतले ते हौसेने; अशक्तपणामुळे नव्हे! या ईर्षेनेच मी नाना पेठेत गेलो.

दुकानदाराने माझ्यापुढे दोन यंत्रे मांडली. एक तळहातावर मावेल एवढे, बिनटाकीचे. दुसरे 24 लिटरांच्या टाकीचे, खाली चाके असलेले, सव्वाशे पौंडांच्या आसपास दाब देणारे. गंमत अशी, की त्या चिमुकल्याच्या अंगावर मात्र 150 पौंडांचा आकडा छापलेला! मी चकित झालो, तसा दुकानदार हसला. “काका, दाबाचा आकडा पाहून फसू नका. त्या दाबाला यंत्र मिनिटाला हवा किती देतं, ते विचारा.”

दाब निराळा आणि दम निराळा, हे माझ्या ध्यानात तेव्हा आले. ते लहान यंत्र खोटे बोलत नव्हते. इवल्याशा जागेत थोडी थोडी हवा कोंबीत ते 150 पौंडांपर्यंत खरोखरच पोहोचते. परंतु त्याला रंगाची पिचकारी जोडा, की ते उघडे पडते. पिचकारीला त्याच्या निम्माही दाब लागत नाही. तिला लागतो तो अखंड झोत. आकडा दाबाचा असतो आणि काम दमाचे असते. माणसांतही असे 150 पौंडांचे आकडे मी पुष्कळ पाहिले आहेत!

अर्थात माझे मन मोठ्या यंत्रावर बसले. याने खिडक्या रंगवता येतील, पंख्यांवरची धूळ उडवता येईल, अशी स्वप्ने रंगवीतच मी घरी परतलो. आमच्या सौ.ने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, पण आपल्याला हवा भरायची आहे तरी किती?”

हा प्रश्न दुकानात मला सुचला नव्हता. मी पेन्सिल घेऊन बसलो. कोंडलेल्या हवेचा दाब आणि तिचे आकारमान यांचा हिशेब रॉबर्ट बॉइलने 1662 सालीच मांडून ठेवला आहे. त्या हिशेबाने 24 लिटरांच्या टाकीत वातावरणाच्या आठपट जादा दाबाने बाहेरची सुमारे 190 लिटर हवा कोंडलेली असते. उलट आमच्या स्कूटरचे मागचे चाक 25 पौंडांवरून 30 वर आणायला बाहेरची दोन-तीन लिटर हवा पुरते. सायकलीला तर त्याहूनही कमी. म्हणजे वाटीभर दुधासाठी मी गोठा बांधायला निघालो होतो!

शिवाय टाकी म्हटली की तिची सेवा आली. दाबली जाताना हवा तापते, टाकीत निवते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. पावसाळ्यात हे पाणी फार. काम संपल्यावर खालची तोटी सोडून ते काढले नाही, तर लोखंड आतून गंजते. आणि गंजलेल्या भिंतींत दाबलेली हवा कोंडून ठेवणे हा खेळ नव्हे. बिनतेलाच्या मोठ्या यंत्राचा गडगडाट हा आणखी एक प्रश्न; आमच्या भिंतीपलीकडच्या आजींना पहाटे कोठे डोळा लागतो.

अखेर मी ते तळहाताएवढे यंत्रच आणले. त्याबरोबर दुकानदाराने एक पितळी तोटी आग्रहाने दिली. पोरांच्या नव्या सायकलींचा व्हॉल्व्ह स्कूटरसारखाच. पण माझ्या जुन्या सायकलीचा निराळा, आणि या तोटीवाचून यंत्राची नळी त्याच्यावर बसतच नाही. बेलफास्टच्या डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेची धाव तयार केली आणि 1888 साली तिचे पेटंट घेतले. बापाने पोराच्या चाकात हवा भरावी, ही रीत थेट तेथपासूनची आहे, या विचाराने मला उगाच बरे वाटले.

घरी येऊन माहितीपत्रक उघडले. त्यात लिहिले होते: दहा मिनिटे चालवा, मग तितकीच विश्रांती द्या, एरवी यंत्र तापून बिघडेल. मी ते वाक्य दोनदा वाचले. डॉक्टरांची चिठ्ठी जणू कोणी नकलून काढली होती! विश्रांती घेऊन काम करणाऱ्याला कोणी निकामी म्हणत नाही, एवढे त्या कागदावरून मला उमगले.

पुढच्या रविवारी पोरे जमली. यंत्र तुरतुर करू लागले. तीन सायकली झाल्यावर मी ते बंद केले आणि आम्ही दोघेही विसावलो. रांगेतला बारा वर्षांचा एक मुलगा चुळबुळत कोपऱ्यातल्या पंपाकडे पाहत होता. “आजोबा, तोवर मी मारू?” त्याने भीतभीतच विचारले.

पस्तीस वर्षांत ती मूठ मी कोणाच्या हाती दिली नव्हती. कोणी मागितली असेलही. माझे लक्ष नव्हते. मी मान डोलावली. त्याने दणादण पंप मारला, अंगठ्याने चाक दाबले आणि निकालासाठी माझ्याकडे पाहिले.

मग यंत्र घेतले तरी कशाला, असे सौ. आता विचारते. ते विसाव्याला थांबले नसते, तर त्याला पंप मिळाला नसता, एवढेच उत्तर माझ्यापाशी आहे.