मानोऱ्यात उंच इमारत नाही

स्पायडरमॅनला आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात आणलं तर तो जाळं टाकून लटकणार कशाला? मी इथं बसून सुपरहिरोंच्या कॉमिक्सची पानं काढतो, त्यामुळे हा प्रश्न मला गंमत म्हणून पडत नाही, कामाचा म्हणून पडतो. न्यूयॉर्कमध्ये त्याच्यासाठी चाळीस-पन्नास मजले उभे आहेत. आमच्याकडे टिनाची छपरं, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, आणि गाव संपलं की तूर, कपाशी, सोयाबीन.

कॉमिक्सच्या नायकांमध्ये माझी ओळख आधी वेताळाशी झाली. ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक एका नातेवाइकाकडे गठ्ठा बांधून ठेवलेले होते. वेताळाला जंगल पुरायचं, उंच इमारतींवाचून त्याचं काही अडत नसे. म्हणूनही असेल, तो आम्हाला जवळचा वाटला. मग नागराज आला. 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सनं त्याला बाजारात आणलं आणि आमच्याकडे ते अंक भाड्यानं फिरू लागले. भाषा हिंदी, पण वऱ्हाडातल्या पोराला हिंदीची कधी अडचण येत नाही. मी नागराजचे हिरवे खवले वहीच्या मागच्या पानांवर उतरवायचो आणि धरून चालायचो की हे काढणारा माणूस दिल्लीचा.

तो पुण्याचा निघाला. प्रताप मुळीक. नागराजच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या अंकांवर त्यांचं नाव आहे. ‘अमर चित्र कथा’ची कितीतरी पुस्तकं त्यांनीच काढली, आणि अमिताभ बच्चनला सुपरहिरो बनवणाऱ्या ‘सुप्रीमो’ची चित्रंही त्यांचीच. त्याच राज कॉमिक्सचा तलवार घेतलेला भोकाल दिलीप कदमांनी काढला, तेही मराठीच. हिंदी पट्ट्यातली पोरं ज्यांच्यावर जीव टाकत होती, त्यातले काही नायक मराठी हातांनी घडवलेले होते आणि महाराष्ट्रात याचा फारसा गाजावाजा झाला नाही. मला तरी हे कळायला शाळा संपावी लागली. नाव पहिल्या पानावर छापलेलंच असायचं, पण दहा-अकरा वर्षांचं पोरगं नाव वाचत नाही, मारामारी वाचतं.

इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा झाली तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न विचारला, “पँटीच्या वरून चड्डी घालणारे लोकं काढून पोट भरते काय रे?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुण्यात काही वर्षं दुसऱ्यांच्या पेन्सिल-चित्रांवर शाई फिरवली. पुढे कॉम्प्युटर आणि पेन-टॅबलेट आलं, फाइल मेलवर जाऊ लागली, तसा मी गावी परतलो. लाइन जाते म्हणून यूपीएस ठेवलाय. काम करता करता फाइल सेव्ह करायची सवय मला इथल्या विजेनं लावली.

लोकांना वाटतं, सुपरहिरो काढणं म्हणजे स्नायू काढणं. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत बसतात. साधा माणूस उंचीनं साडेसात डोक्यांचा धरतात, नायक साडेआठ किंवा नऊ डोक्यांचा. खांदे रुंद केले, कंबर आवळली की तो उभा राहतो. घाम फुटतो तो त्याच्या आजूबाजूला. लेखक स्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहून मोकळा होतो: ‘नायक छतावरून उडी घेतो, खाली गर्दी घाबरलेली.’ गर्दी हा शब्द लिहायला त्याला दोन सेकंद लागतात, मला अर्धा दिवस. त्यात पिशवी घेतलेली बाई हवी, मोटरसायकलवर मागे वळून पाहणारा हवा, आणि सगळे एकाच चेहऱ्यानं घाबरून चालत नाही. वर संवादाच्या बलूनसाठी जागा सोडायची. जो आधी बोलतो त्याचा बलून डावीकडे वर, म्हणजे तो माणूसही शक्यतो डावीकडे उभा करावा लागतो. दिवसाला एक पान निघालं तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

आणि उंचीचं कोडं? ते मला शेतानं सोडवून दिलं. मी बसलो होतो आणि एक माणूस धुऱ्यावरून चालत येत होता. क्षितिज त्याच्या गुडघ्याखाली, वर सगळं आभाळ. साधा खुरपं घेतलेला माणूस, पण राक्षसाएवढा दिसला. पॅनेलमध्ये क्षितिजाची रेघ खाली ओढा, पाहणाऱ्याचा डोळा जमिनीलगत आणा, की इमारतीची गरज राहत नाही. पुस्तकांतून हे मी वाचलेलं होतं, पण वाचलेलं हातात उतरत नाही. तेव्हापासून माझा नायक टॉवरवर क्वचितच चढतो. सपाट रानात तो जास्त मोठा दिसतो, असं माझं ठाम मत झालंय.

रविवारी काही मुलं शिकायला येतात. बंजारा समाजाचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी आमच्याच तालुक्यात, आजूबाजूला तांडे; त्यामुळे वर्गात बंजारा मुलं भरपूर. आठवीतल्या एका मुलीनं स्वतःची नायिका काढून आणली: आजीसारखी फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), ओढणीभर आरसे, आणि ते आरसे प्रकाश फेकून शत्रूला आंधळं करतात. कल्पना ऐकून मी खुर्चीतून उठलोच. मग तिला म्हटलं, “आता हिला पळताना काढ. मग पाठमोरी. मग पडलेली.” तिसऱ्या चित्राला तिनं पेन्सिल ठेवली. “सर, आरसे मोजून मोजून डोकं दुखून राह्यलं.” इथून खरा धडा सुरू झाला. पोशाख एकदा छान दिसून भागत नाही, तो शेकडो वेळा काढता आला पाहिजे. स्टीव्ह डिटकोनं 1962 साली स्पायडरमॅनला अंगभर जाळं दिलं, आणि त्यानंतरचे चित्रकार ती जाळी आजतागायत विणत बसलेत. छपाईचंही ऐकावं लागतं. हल्क पहिल्या अंकात करडा होता. करडा रंग छपाईत एकसारखा येईना, म्हणून तो हिरवा झाला. मुलीनं शेवटी आरशांची एकच पट्टी ठेवली, ओढणीच्या काठाला. नायिका आता लांबूनही ओळखू येते.

पैशाचं बोलणं टाळू नये. आमचा मोबदला पानामागे ठरतो. मूळ चित्र कोणाचं, पात्र कोणाचं, पुन्हा छापलं तर काय, हे कागदावर लिहून घ्यायला हवं. माझ्या एका प्रकाशकानं पूर्ण अंकाचे पैसे बुडवले. नाव घेत नाही, करार नव्हता. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले. 1975 च्या अखेरीस, वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर, त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव परत मिळालं. शुस्टरची नजर तोवर जवळजवळ गेलेली होती. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, स्नायू शिकवायच्या आधी.

तेव्हा मानोरा, मंगरूळपीर, दिग्रस, कारंजाकडच्या आईबापांना एक सांगणं आहे. पोरगं वहीच्या मागे उडणारी माणसं काढत असेल तर वही हिसकावू नका. त्याला टू-बी पेन्सिल आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा द्या, आणि घरासमोरचा रस्ता काढायला सांगा, माणसांसकट. तो जमला की उडणारा माणूस जमतोच.